जोतीराम वरुटेला मागं टाकलेली माणसं

जोतीराम वरुटे पंचेचाळीस वर्षांचा व्हायची वाट बघत होता. सगळ्या शिवाजी पेठेत अशी वाट बघणारा तो एकटाच असावा. त्याच्या वयाचे बाकीचे लोक डोक्याला कलप लावून वय मागं ओढत होते आणि हा मात्र चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगायचा, "जानेवारीत पंचेचाळीस पुरी होत्यात."

त्याला कारण होतं. प्रौढ धावपटूंच्या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असतात. चाळीस ते चव्वेचाळीसच्या गटात जोतीराम आता सगळ्यात म्हातारा झाला होता. साताऱ्याच्या एका फौजदारानं दोन वर्षं लागोपाठ त्याला पाच हजार मीटरमध्ये दुसऱ्या नंबरावर ठेवलं होतं. पण पंचेचाळीस लागली की जोतीराम वरच्या गटात जाणार, तिथं तोच सगळ्यात तरणा ठरणार, आणि फौजदार बिचारा आणखी दोन वर्षं खालच्याच गटात अडकून पडणार. येत्या फेब्रुवारीतली राज्याची स्पर्धा जोतीरामनं मनात आधीच जिंकून टाकलेली होती.

तसा तो खरोखरच मोठा धावपटू. ऐन उमेदीत मॅरेथॉन दोन तास बावीस मिनिटांत पळायचा. देशाच्या संघाच्या शिबिरात दोनदा राहून आला होता. त्या पायांवरच सरकारी खात्यात कारकुनाची नोकरी लागली. पण कोल्हापुरात खेळ म्हणजे कुस्ती, नाहीतर फुटबॉल. नुसतं पळणं हा खेळ आहे हे पेठेला शेवटपर्यंत पटलं नाही. तालमीच्या दारात बसलेली मंडळी त्याला पहाटे पळताना बघायची आणि विचारायची, "जोत्या, मागं कोण लागलंय?"

तीस वर्षं डोंगर, डांबर, चिखल तुडवून ज्या गुडघ्यानं कधी तक्रार केली नाही, तो गेला भाच्याच्या वरातीत. जोतीराम जन्मात कधी वरातीत नाचला नव्हता. पाय जपायचे म्हणून कडेकडेनं चालायचा. पण राजवर्धन हा एकुलता एक भाचा, आणि बहीण रुसून बसली की मामा नाचल्याशिवाय घोडा पुढं हलायचा नाही. शेवटी जोतीराम डॉल्बीपुढं उतरला. चार उड्या मारल्या, आणि हुरूप येऊन एका पायावर गिरकी घेतली. जोतीराम फिरला, पाय जागेवरच राहिला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला म्हणे, पण डॉल्बीपुढं तो खुद्द जोतीरामलाही ऐकू आला नाही. तो मटकन खाली बसला तेव्हा लोकांना वाटलं हा नाचायचाच काही नवा प्रकार आहे. चार-पाच जण त्याच्याभोवती तसेच उकिडवे बसून नाचायला लागले. वरातीच्या चित्रफितीत ते सगळं व्यवस्थित आलेलं आहे.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. डॉक्टर संयोगिता वयानं लहान, बोलायला गोड आणि ऐकायला अजिबात तयार नसलेल्या. त्यांनी तुटलेला दोर जोडला, पण गुडघ्यातली गादीही निम्मी झिजली होती, ती काही नवी करता येत नव्हती. जोतीरामनं शुद्धीवर आल्या आल्या फेब्रुवारीचं विचारलं.

"फेब्रुवारीचं दिवाळीनंतर बघू," त्या म्हणाल्या. "तोवर चालायचं. मऊ, सपाट जमिनीवर. पुढं चाला, उलटं चाला. पळायचं मात्र एक पाऊलसुद्धा नाही. मध्ये पळालात असं कळलं, तर फेब्रुवारीचा विषय माझ्यापुढं काढायचा नाही."

या हुकमाची अंमलबजावणी वर्षाराणीकडे आली. ही जोतीरामची बायको महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिनं फ्रीजवर तक्ता चिकटवला आणि नवऱ्याच्या व्यायामावर रोज लाल पेनानं बरोबरची खूण करायला सुरुवात केली. पळायचे बूट तिनं कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. जोतीरामनं त्या कपाटाकडं जेवढ्या वेळा बघितलं तेवढ्या वेळा चोरानंही बघितलं नसतं.

आषाढापर्यंत काठी सुटली आणि चालणं सुरू झालं. आता ज्या माणसानं आयुष्यभर पळायचंच काम केलं त्याला नुसतं चालणं म्हणजे शिक्षा. रंकाळ्यावर चालायला गेला की ओळखीचे लोक थांबवून गुडघ्याची चौकशी करायचे आणि प्रत्येकजण आपापलं तेल सुचवायचा. त्यातून त्याची सुटका केली बाळासो गवळ्यानं.

बाळासो दोन बोळ सोडून राहायचा. पाच म्हशी. सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर नेऊन लोकांच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचे पेले हातात द्यायचे, हा त्याचा धंदा. पाचातली मोना ही हरियाणाकडनं आणलेली तरणी म्हैस. नावही तिकडनंच घेऊन आली होती. ती यंदा पाडव्याला पळायची होती.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवतात, अंगावरचे केस भादरून नक्षी काढतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून आरोळी ठोकत पुढं सुटतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. कुणी तिला ओढायचं नाही, कुणी मारायचं नाही. मालकावर जीव असेल तर ती धावते, एवढाच त्यातला मान. नाही धावली, तर वर्षभर कट्ट्यावर तोंड लपवायची पाळी.

मोनाला रोज सकाळी नदीकाठानं फिरवून, धुऊन आणायला माणूस हवा होता. बाळासोला तर कट्ट्यावरनं हलता यायचं नाही. तो जोतीरामला म्हणाला, तू चालतोसच की. मोकळाच चालण्यापरीस हिला घिऊन चाल.

असा राष्ट्रीय शिबिरात राहून आलेला धावपटू म्हशीच्या दाव्याला लागला. फुलेवाडीच्या पुढं नदीकाठच्या मळीच्या वाटेनं दोघं जायची. निम्मी वाट जोतीराम सरळ चालायचा आणि निम्मी वाट, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणं, उलटा. उलटा चालताना त्याचं तोंड मोनाच्या तोंडासमोर यायचं. उसाला पाणी पाजणारे लोक पाट सोडून बघत उभे राहायचे. एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "पावणं, म्हस तुम्हाला फिरवती का तुम्ही म्हशीला?" जोतीराम म्हणाला, ज्याचा गुडघा दुखतोय त्याला दुसरा फिरवतोय.

गुन्हा घडला तो नवरात्रात. मागनं आलेल्या ट्रॅक्टरनं जोरात हॉर्न दिला, मोना बुजली आणि उधळली. दावं जोतीरामच्या मनगटाला. बारा पावलं तो तिच्यासंगं पळाला. थांबल्यावर त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग गुडघ्याकडं. गुडघा गप्प होता. आपण पळालो नाही, आपल्याला पळवण्यात आलं, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी ट्रॅक्टरची वाट बघत उभा राहिला. ट्रॅक्टर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच तोंडानं हॉर्न वाजवला.

तिथनं पुढं काही ताळतंत्र राहिलं नाही. आठवड्याभरात दावं सुटलं. जोतीराम जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पुढं, तोंडानं "हुर्रर्र हुर्रर्र" करत, आणि मोना मागं. आधी एक शेत, मग दोन, मग पार विहिरीपर्यंत. डाव्या पायाचं पाऊल जरा उशिरा पडायचं, तेवढंच. मोनाला त्या पावलाची इतकी सवय झाली की जोतीराम थांबला की ती थांबायची आणि निघाला की निघायची. डॉक्टरीणबाईंनी पळू नको म्हणून सांगितलं होतं, म्हैस मागं लागली तर काय करायचं ते सांगितलं नव्हतं. ही पळवाट त्यानं कारकुनाच्या डोक्यानं शोधून काढली होती.

वर्षाराणीला वास आला होता. चालून आलेला माणूस सहा भाकरी खात नाही, असं तिचं म्हणणं. तिनं बाळासोला गाठून विचारलं. बाळासो जोतिबाची आण घेऊन म्हणाला की त्यानं जोतीरामला पळताना एकदाही बघितलेलं नाही. ते अगदी खरं होतं, कारण त्या वेळेला तो कट्ट्यावर असायचा. वर्षाराणीनं मान हलवली आणि तक्त्यावर त्या दिवशी खूण केली नाही. जोतीरामनं तो कोरा चौकोन पाहिला, पुढचेही कोरेच राहिलेले पाहिले, आणि मोनाला घेऊन जात राहिला.

पाडव्याला नदीकडच्या रस्त्यावर ही गर्दी. हलगी कडाडत होती. मोनाची शिंगं लाल-पिवळी, कपाळावर मोरपीस, पायात हुपरीहून खास करून आणलेले चांदीचे तोडे. आपल्याकडे दूध घेणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना बाळासोनं आवर्जून बोलावलं होतं, आणि त्यांतल्याच एक असलेल्या डॉक्टर संयोगिता एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी वर्षाराणी. जोतीराम त्या दोघींना बघून एका जीपच्या आडोशाला गेला.

बाळासोनं मोटारसायकलला किक मारली. फटफट आवाजानं रस्ता दणाणला, धूर झाला. त्यानं आरोळी ठोकली आणि गाडी पंधरा हात पुढं नेली. मोना जागेवर. त्यानं परत येऊन आवाज दिला. मोनानं शेपटी हलवली. तिच्या आजूबाजूच्या तीन म्हशी मालकांमागं सुटून गेल्या होत्या. गर्दीतनं सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, हिला आधी पत्ता सांग. दुसरा म्हणाला, दुधात पाणी घालतोय त्याचा राग हाय तिला. तेवढ्यात मोनानं मान वळवून गर्दीवर नजर फिरवली, सावकाश जीपच्या मागं गेली आणि जोतीरामच्या सदऱ्याला नाक लावून उभी राहिली.

बाळासो गाडी टाकून धावत आला.

"जोत्या, काय शिकवलंस हिला?"

"चालायला."

"मग चाल की माझ्या बापा. चाल हिच्या पुढं." पन्नाशीच्या बाळासोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "लोकं म्हणतील, चार म्हयनं वैरण घातली आन म्हशीचा ह्याच्यावर जीव न्हाय."

जोतीरामनं पायरीकडं बघितलं. पळालो तर फेब्रुवारी गेली, पंचेचाळिसावा वाढदिवस फुकट गेला, शिवाय घरी काय होईल ते वेगळंच. त्यानं मधला मार्ग काढला. रस्त्यावर येऊन चालायला लागला. मोना त्याच्या मागं डुलत डुलत चालली. लोक हसायला लागले. डॉक्टरीणबाईंचा सल्ला तंतोतंत पाळावा म्हणून तो वळला आणि उलटा चालला, तशी हलगीवाल्यानं हसून हलगीच थांबवली. आणि त्या शांततेत जोतीरामला बाळासोचं तोंड दिसलं. भर बाजारात कुणी टोपी उडवलेल्या माणसाचं असतं तसं.

जोतीराम वळला. "हुर्रर्र" असा आवाज दिला आणि पळाला.

मागं तोडे छमछम वाजले. मोना अशी सुटली की कवड्या उसळायला लागल्या. आधीची हसणारी मंडळी शिट्ट्या मारू लागली. बाळासोनं भानावर येऊन मोटारसायकल काढली आणि दोघांना गाठून पुढं घातली, म्हणजे मालक पुढं आहे असं निदान दिसावं. तीनशे मीटरवर चुन्याची रेघ मारली होती. रेघेपाशी पोरांनी मोनाला अडवून थांबवलं. जोतीराम थांबला नाही. तो आणखी शंभर मीटर एकटाच पळत गेला.

घरी आल्यावर वर्षाराणीनं कमरेची किल्ली काढली, दागिन्यांच्या खणातले बूट आणून त्याच्यापुढं ठेवले.

"कॅनव्हासच्या बुटात पळायचं नाही," ती म्हणाली. "नवरात्रापासनं मला ठाऊक आहे. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते." आणि ती चुलीवरची आमटी बघायला गेली. जोतीराम आत गेला आणि तक्त्यावरचे कोरे चौकोन मोजत उभा राहिला. बावीस होते. तिनं एकाही ठिकाणी फुली मारली नव्हती. त्याला फुल्या चालल्या असत्या.

दवाखान्यात तो शिक्षा घ्यायला जावं तसा गेला. डॉक्टर संयोगितांनी गुडघा वाकवून, दाबून, फिरवून बघितला. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की पहिले तीनशे मीटर छान पळालात, म्हैस आणि तुम्ही दोघंही. पुढच्या शंभराचं काय?

जोतीरामला काही आठवेना.

"बाळासोंची मोटारसायकल पुढं होती. तुम्ही तिला मागं टाकायला बघत होता. त्या शंभर मीटरात तुमचा पाय चक्क लंगडत होता आणि तुम्हाला त्याची खबर नव्हती." त्यांनी वही मिटली. "तुम्ही पळा. रोज पळा, वय होईपर्यंत पळा. शर्यत मात्र नको. एकटे असलात की तुम्ही गुडघ्याचं ऐकता, शेजारी कुणी आलं की ऐकत नाही. फेब्रुवारीत कदाचित जिंकालही. पण मग पन्नाशीला कठडा धरून जिना चढाल. स्पर्धेचा फॉर्म तुमचा, गुडघाही तुमचा."

फॉर्म भरून तयारच होता. शेवटची तारीख एकतीस डिसेंबर. जोतीरामनं तो घडी घालून खिशात ठेवला आणि रोज सकाळी रंकाळ्याला सावकाश पळताना त्याच्यावर विचार केला. विचार म्हणजे काय, तर जायचंच आहे, घरी सांगायचं कसं, एवढाच.

डिसेंबर संपायला दोन दिवस होते. थंडी मरणाची. जोतीराम तलावाच्या कडेनं पळत होता आणि मागनं धापांचा आवाज आला. विक्रीकर खात्यातनं निवृत्त झालेले गणपतराव, बासष्ट वर्षांचे, कानटोपी घातलेले, पोट बऱ्यापैकी. पुढं पळणारा माणूस जोतीराम वरुटे आहे हे ओळखून त्यांनी जीव खाऊन वेग वाढवला होता. ते बरोबरीला आले. मग पोट पुढं गेलं, आणि मागनं गणपतराव गेले.

जोतीरामचं अंग आपोआप पुढं झेपावलं. चार पावलं पडली. पाचव्याला त्याला गुडघा ऐकू आला. बारीकसा, आत कुठंतरी, वाळूचा खडा दातांखाली यावा तसा. पुढं गणपतरावांची पाठ होती. ती पाठ पाच सेकंदांत मागं टाकता आली असती आणि ते जोतीरामइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं दात आवळले आणि वेग कमी केला. आयुष्यात एवढा त्रास त्याला मॅरेथॉनच्या शेवटच्या मैलालाही झाला नव्हता. गणपतरावांनी दोनदा मागं वळून बघितलं. नातू झाल्यासारखं त्यांचं तोंड फुललं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत बातमी. तालमीच्या दारात मंडळी टपूनच बसली होती.

"जोत्या, गणपतरावांनी तुला मागं टाकलं म्हणं?"

आता गुडघ्याचं सांगता आलं असतं. ऑपरेशन, गादी, डॉक्टरीणबाई, सगळं ओठांवर आलं होतं. "व्हय," जोतीराम म्हणाला, "लई जोरात हाईत. मला दिसलंच न्हाईत, नुसतं वारं आलं."

हे उत्तर मंडळींच्या हिशेबात नव्हतं. जोतीराम घरी आला, जेवला आणि झोपला. एकतीस तारीख आली आणि गेली, फॉर्म खिशातच राहिला. पुढच्या आठवड्यात तो सदऱ्याबरोबर धुतला गेला, आणि वर्षाराणीनं त्याचा लगदा झटकून टाकला.

जानेवारीत रंकाळ्यावर गर्दी वाढली. गणपतरावांना जमतं तर आपल्याला का नाही, म्हणून वकील आले, कापडवाले आले, एक मंगल कार्यालयाचे मालक आले. जोतीराम वरुटेला मागं टाकायचं म्हणून लोकांनी नवे बूट घेतले. आणि जोतीरामला त्यात गंमत वाटायला लागली. मागच्याला पुढं कसं जाऊ द्यायचं नाही, ही विद्या त्यानं तीस वर्षं घोटली होती; तीच आता उलटी वापरायची. पावलांच्या आवाजावरनं त्याला माणसाचा दम कळायचा. कुठल्या वळणावर किती हळू झालं म्हणजे त्याला आपल्याच ताकदीनं गेल्यासारखं वाटेल, हे तो अचूक साधायचा. दमलेल्यासाठी लवकर, मिजासखोरासाठी जरा उशिरा. नंतर तोंडावर थोडी खंतही दाखवायचा. एका रविवारी वर्षाराणीही नवे बूट घालून आली आणि पुढं निघून गेली. तिच्यासाठी हळू व्हायची तयारी त्यानं केली होती, पण तशी गरज पडली नाही, ही गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितलेली नाही.

फेब्रुवारीतली स्पर्धा झाली. पंचेचाळीसच्या गटात नागपूरचा कुणी जिंकला. जोतीरामनं पेपरात त्याची वेळ दोनदा वाचली, बोटांवर काहीतरी हिशेब केला, पेपर घडी करून ठेवला आणि गुडघा दाखवायला गेला.

गुडघा उत्तम होता. सूज नाही, आवाज नाही. डॉक्टर संयोगितांनी तसं लिहून दिलं आणि पेन खाली ठेवलं.

"तुमचं काम छान झालं," त्या म्हणाल्या. "पण या महिन्यात माझ्याकडं तीन नवे गुडघे आलेत. तिघंही साठीच्या पुढचे. कसं झालं म्हणून विचारलं, तर तिघंही तेच सांगतात. जोतीराम वरुटेला मागं टाकलं."

"त्यात गणपतराव हाईत का?"

"पेशंटची नावं मी सांगत नाही."

जोतीराम खाली मान घालून बुटाची नाडी बांधायला लागला. खांदे हलत होते. "मी तर हळूच पळतोय, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला.

"ते मला कळतं. तुम्ही मुद्दाम पुढं जाऊ देता, हे त्यांना सांगायला नको का?"

त्यानं एकदम मान वर केली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "न्हाय," तो म्हणाला. "तेवढं मात्र सांगू नका."